न दुखणारा चट्टा आणि कातडीच्या ओपीडीतली सिस्टर

(या महिन्याचं अभ्यास पान. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी मधे थांबवून विचारावं. एका बैठकीत संपलं नाही तरी चालेल.)

ताईंनो, मोठ्या दवाखान्यात एका दारावर ‘त्वचारोग विभाग’ अशी पाटी असते. कुठे कुठे तिच्यावर ‘त्वचा, गुप्तरोग व कुष्ठरोग’ असं पूर्ण लिहिलेलं असतं. ही तीन नावं एकाच दारावर असल्यामुळे आपल्या बायका त्या दाराशी उभं राहायलाच लाजतात. गावातलं कोणी पाहिलं तर घरी काय सांगेल, ही भीती. मग मेडिकलमधून ट्यूब येते, ती संपली की दुसरी येते, नाहीतर शेजारणीची अर्धी उरलेली ट्यूब लावली जाते. दोन-तीन वर्षं अशी निघून जातात.

त्या दाराच्या आत काय चालतं हे आपल्याला कळावं, म्हणून मी जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात कातडीच्या विभागात काम करणाऱ्या सिस्टरांशी बोलले. त्यांना नाव छापायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, नावाचं काही नाही, कामाचं लिहा. तर कामाचंच लिहिते.

कातडीच्या विभागासाठी वेगळी नर्स तयार होत नाही. जनरल शिकलेल्या स्टाफ नर्सलाच तिथे ड्युटी लागते, आणि बाकी सगळं ती तिथेच, करता करता शिकते. बाकीच्या वॉर्डात सलाईन, इंजेक्शन, बीपी, ऑक्सिजन यांची धावपळ असते. इथे पहिलं काम म्हणजे बघणं. आणि बघायला मिळावं म्हणून त्याच्याही आधीचं काम म्हणजे पडदा ओढणं.

बाई येते, हाताचा पंजा पुढे करते आणि म्हणते, “इथे खाजते, काहीतरी लिहून द्या.” डॉक्टरांसमोर तेवढंच दाखवते. सिस्टर तिला पडद्याआड नेते, खिडकीजवळ उजेडात उभं करते, पदर बाजूला करायला सांगते, पाठ बघते, कंबर बघते, स्तनांच्या खाली, जांघेत, तळपायाला बघते. कातडीचा आजार हातापुरता आहे की अंगभर, यावर औषध बदलतं. पाठीवरचा चट्टा तर त्या बाईला स्वतःलाच माहीत नसतो. आपली पाठ आपल्याला कधी दिसते? नवऱ्याला दिसत असेल, पण अंधारात.

आता या पानातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. खाज सुटली की आपण दवाखान्याचा विचार करतो, दुखलं की करतो. ज्या चट्ट्याला खाज नाही, दुखणं नाही, आग नाही, त्याच्याकडे कोणीच बघत नाही. आणि सिस्टर नेमका तोच चट्टा शोधत असते.

कुष्ठरोगाचा चट्टा असाच असतो. आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट किंवा लालसर, कधी तांबूस. तिथे घाम येत नाही, केस विरळ होतात, आणि हात लावलेलं कळत नाही. हा आजार जंतूचा आहे. नॉर्वेच्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी तो जंतू १८७३ मध्ये शोधला. जंतू कातडीत आणि कातडीखालच्या शिरांमध्ये, म्हणजे ज्या नसा मेंदूला ‘गरम आहे’, ‘टोचलं’ असं कळवतात त्यांच्यात, बसतो. रक्ताच्या शिरा वेगळ्या, या वेगळ्या. नस सुजते, मग बधिर होते. जंतू अंगात शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत बहुधा काही वर्षं जातात, त्यामुळे ‘कोणाकडून आला’ हे शोधत बसण्यात अर्थ नसतो.

आपल्याच भागातल्या एका ताईंचं सांगते. भाकरी करताना त्यांच्या बोटाला मोठा फोड आला. पोरीने विचारलं, आई, हे कधी भाजलं? त्यांना आठवेचना. दोन महिन्यांत हे तिसऱ्यांदा झालं होतं. घरच्यांना वाटलं, बाईचं लक्ष नाही कामात. सासूबाई तर बोलल्याही. कातडीच्या ओपीडीत सिस्टरनी तो फोड बघितला आणि पहिला प्रश्न हाच केला, “भाजलं तेव्हा हात झटकला होता का?” नव्हता झटकला. मग कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपली, ती जाड लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्हीत जोर कमी होता. चट्टा होता दंडाच्या मागे, ब्लाऊजच्या बाहीखाली. त्यांनी तो कधी बघितलाच नव्हता.

इथे वेळ मोजायची असते. नस अशक्त होऊन सहा महिन्यांच्या आत डॉक्टरांचे उपचार सुरू झाले तर जोर परत येण्याची बरीच आशा असते. उशीर झाला की बोटं वाकडी होतात. जंतू मेला तरी वाकडी झालेली बोटं गोळीने सरळ होत नाहीत. वाकडी बोटं, झडलेली बोटं, हे आपण ‘रक्तपिती’ म्हणून लहानपणापासून पाहत आलो, ते जंतूने कुरतडल्यामुळे नाही. बधिर हाताला चटके, कापणं, जखमा होत राहतात आणि त्या कळत नाहीत, म्हणून ते होतं. चुलीशी, विळ्याशी, गरम तव्याशी रोज कोणाचा संबंध येतो, ते आपल्याला माहीत आहे.

या आजाराशी वर्धा जिल्ह्याचं नातं जुनं आहे. दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. ते विनोबांचे सहकारी. त्यानंतर १९३९ मध्ये परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले. मोठे संस्कृत पंडित, पण कुष्ठरोग झालेला. आश्रमात ठेवावं की नाही असा प्रश्न होता. गांधीजींनी ठेवून घेतलं, आणि त्यांच्या अंगाला स्वतः मालिश करायचे. तो फोटो पुष्कळ जणींनी पाहिला असेल. आश्रमात परचुरे कुटी आजही आहे, सहलीला गेलात तर नुसतं बापूकुटी बघून परतू नका. आनंदवन उभारणारे बाबा आमटे तर हिंगणघाटात जन्मलेले.

पुढे १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन सुरू झालं. डॉ. वार्देकरांनी तिथे वेगळीच पद्धत बसवली. रुग्णाला गावाबाहेर वसाहतीत नेऊन ठेवण्यापेक्षा कर्मचाऱ्याने गावात जायचं, घरोघर माणसं तपासायची, लोकांना समजावायचं आणि घरीच औषध द्यायचं. आज आशाताई दारावर येऊन ‘अंगावर चट्टा आहे का’ विचारते, त्याचं मूळ आपल्या जिल्ह्याच्या मातीत आहे. आणि १९८० नंतरच्या दशकात दोन-तीन औषधं एकत्र देणारा बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, देशात सुरू झाला, तेव्हाही पहिल्या काही जिल्ह्यांत वर्धा होता.

पण घरोघर तपासणीत एक अडचण कायमची. तपासायला पुरुष आला तर बाई कोपरापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय दाखवते. त्याच्या पलीकडे ‘काही नाही, काही नाही’. म्हणून आता शोध मोहिमेच्या टीममध्ये आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक असे दोघं असतात. बाईला बाईनेच तपासायचं. तरी घाईच्या वेळी, वावरात जायची गडबड असताना, पाठ दाखवायला कोण थांबतं? मग शेवटी ती पाठ बघते ओपीडीतली सिस्टर, तीसुद्धा बाई खाजेसाठी आली म्हणून.

आजार ठरल्यावर सिस्टरचं खरं बोलणं सुरू होतं. गोळ्यांचं पान चार आठवड्यांचं असतं, सरकारी दवाखान्यात फुकट. कोणाला ६ महिने, कोणाला १२ महिने. महिन्याचा पहिला डोस समोर बसवून घ्यायचा. त्या दिवशी लघवी लालसर होते. हे आधी सांगितलं नाही तर बाई घाबरते, रक्त पडतंय म्हणून गोळ्या टाकून देते. एक कॅप्सूल अशी असते की तिने कातडी काळपट, कोरडी पडते. औषध संपल्यावर हळूहळू, कित्येक महिन्यांनी, रंग परत येतो. सिस्टर म्हणाल्या, “औषध सोडणाऱ्या बायका जंतूला घाबरून सोडत नाहीत, काळं पडल्यामुळे सोडतात. लग्नाची पोरगी असली तर जास्तच.” म्हणून त्या रंगाचं पहिल्याच दिवशी, तोंड भरून, घरच्यांच्या समोर सांगतात. औषध सुरू झालं की तिच्यापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती लवकरच संपते. ताट वेगळं, अंथरूण वेगळं, असं काहीही करायची गरज नाही. हात लावल्याने हा आजार होत नाही. बहुतेक माणसांच्या अंगात त्याला अडवायची ताकद असतेच. घरातल्या आणि जवळच्या माणसांना तपासून, डॉक्टरांनी योग्य म्हटलं तर, संरक्षणासाठी रिफाम्पिसिनचा एकच डोस देतात.

औषध चालू असताना किंवा संपल्यावरही कधी जुने चट्टे एकदम लाल होतात, सुजतात, नस ठणकते, हातात जोर राहत नाही. याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत हे जास्त होतं. लेक माहेरी आलेली असते, बाळात सगळे गुंतलेले असतात, हाताला मुंग्या येतात ते ‘वाताचं’ म्हणून सोडलं जातं. त्याच आठवड्यात दवाखाना गाठायचा. ही नस वाचवायची वेळ आहे.

बधिर हातापायाची निगा शिकवणं हे पण सिस्टरचंच काम. रोज संध्याकाळी हात-पाय डोळ्यांनी बघायचे, कारण ते स्वतः काही सांगणार नाहीत. साध्या पाण्यात वीसेक मिनिटं बुडवायचे, कडक झालेली कातडी दगडाने हलकेच घासायची, ओलसर असतानाच तेल लावायचं. पायाला मऊ तळव्याची, एमसीआरची चप्पल. तवा-पातेलं कपड्याने किंवा लाकडी दांड्यानेच धरायचं, चहाचा पेला बोटांनी पारखायचा नाही.

आणि एक कायद्याचं, जे गटात माहीत असायलाच पाहिजे. कुष्ठरोग झाला म्हणून नवऱ्याला घटस्फोट मागता येईल अशी तरतूद आपल्या लग्नाच्या कायद्यांत कित्येक वर्षं होती. २०१९ मध्ये संसदेने ती काढून टाकली. कोणी बाईला ‘तुला हा रोग आहे, कागदावर सही कर’ म्हणत असेल, तर सही करायच्या आधी ग्रामसंघात या.

सगळेच डाग कुष्ठरोगाचे नसतात, हेही तेवढंच खरं, नाहीतर हे पान वाचून निम्मं गाव घाबरेल. दुधासारखा पांढराशुभ्र डाग, आणि हात लावलेला नीट कळतो, तो बहुधा कोड. तो पसरत नाही शेजाऱ्याला, पाप-पुण्याशी त्याचा संबंध नाही. कोडासाठी आणि सोरायसिससाठी काही दवाखान्यांत कपाटाएवढी किरणांची केबिन असते. डोळ्यांना काळा चष्मा लावून पेशंटला आत उभं करतात, वेळ सेकंदांत मोजतात आणि दर खेपेला थोडी वाढवतात. ते सेकंद वहीत लिहून ठेवणं सिस्टरचं काम, एक आकडा चुकला तर कातडी भाजते. आठवड्यात दोन-तीन खेपा, म्हणजे तेवढी रोजी बुडते, एसटीचं भाडं वेगळं. मध्येच सोडणाऱ्या बायका या कारणाने सोडतात. सिस्टर त्यांना बसच्या वेळेप्रमाणे आधी घेतात.

कपाळावर टिकलीच्याच जागी, टिकलीएवढाच पांढरा डाग आला तर टिकलीचा गोंद बघा. काही गोंदांतल्या रसायनाने रंग जातो. टिकली लगेच बंद करायची, आणि तरी दवाखान्यात दाखवायचं. बिब्बा लावून कातडी जाळून घेतलेल्या बायका या विभागात नेहमीच्या. गुडघा दुखतो म्हणून लावतात आणि आठ दिवसांनी जखम घेऊन येतात. गाजरगवत उपटणाऱ्या बायकांचा चेहरा, पापण्या, मान आणि हात खाजून जाड होतात. निंदणाच्या दिवसांत वाढतं, बाकीच्या वेळी कमी होतं, यावरूनच सिस्टर ओळखतात. लांब बाह्यांचा शर्ट, हातमोजे, डोक्याला-मानेला रुमाल, आणि घरी आल्यावर पहिल्यांदा साबणाने धुणं. खरूज असेल तर लोशन गळ्यापासून तळपायापर्यंत रात्री लावून सकाळी धुवायचं, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, आणि आठवड्याने परत. एकट्या पोराला लावून उपयोग नाही, पोरगं आईजवळच झोपतं. लहान बाळ किंवा गर्भार बाई असेल तर आधी विचारायचं.

ट्यूबवर मात्र थोडं थांबते, कारण हे आपल्या हातचं आहे. गजकर्णावर आपण जी ट्यूब आणतो तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, आपण खूष. आत गजकर्ण पसरत राहतं, कडा पुसट होतात, नंतर डॉक्टरांनाही ओळखायला जड जातं. तीच ट्यूब ‘गोरी होते’ म्हणून तोंडाला लावली तर कातडी पातळ होते, उन्हात चेहरा लाल होऊन आग होते, पुटकुळ्या आणि लव वाढते. ट्यूबवरची नावं वाचायची सवय लावा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांतलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड. २०१८ पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे, तरी मिळतात. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा, संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. सिस्टर रागावणार नाहीत, उलट अर्धं काम तिथेच होतं. गोळी खाऊन अंगावर पुरळ उठलं असेल तर त्या गोळीचं पानही न्या. तोंडात फोड आले, डोळे लाल झाले, कातडी सोलायला लागली, तर सकाळची वाट न पाहता निघायचं.

वॉर्डातलं काम ओपीडीहून कठीण. पेम्फिगस नावाच्या आजारात अंगभर फोड येऊन फुटतात, माणूस भाजल्यासारखा उघडा पडतो. चादर अंगाला चिकटते, कूस बदलताना कातडी तिच्याबरोबर येते. काही ठिकाणी अशा पेशंटला स्वच्छ केलेल्या केळीच्या पानांवर निजवतात. पान गुळगुळीत, गार, चिकटत नाही, आणि स्वस्त. सिस्टर म्हणाल्या, पानावर निजवल्यावर पेशंट कित्येक दिवसांनी झोपतो.

ज्यांच्या पोरींना हे काम शिकायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. बीएस्सीला बारावी विज्ञान आणि राज्याची सीईटी लागते. सेवाग्राम आणि सावंगी दोन्हीकडे नर्सिंग शिकवतात. फी भरायच्या आधी एकच गोष्ट विचारा: कोर्स झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते का? ‘सहा महिन्यांत नर्स’ असं सांगणाऱ्या कोर्सवर नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय स्टाफ नर्स होता येत नाही. गटाचं कर्ज त्यावर घालू नका.

पुढच्या बैठकीसाठी. ३० जानेवारीला कुष्ठरोग निवारण दिवस असतो, तेव्हापासून स्पर्श अभियानात ग्रामसभांमध्ये माहिती देतात. त्याच्या आधी गटात एक पाहणी करू. दोघी-दोघींनी जोडी लावायची, उजेडाच्या खोलीत, दार लावून, एकमेकींची पाठ, दंड, मांड्या बघायच्या. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला तर बॉलपेनच्या टोकाने आधी चांगल्या कातडीला हलका स्पर्श करून दाखवायचा, मग तिला डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर करायचा, आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगायचं. सुई वापरायची नाही. चेहऱ्यावरच्या डागाला ही परीक्षा भरवशाची नाही, तो सरळ दवाखान्यात. कानाच्या पाळ्या जाड झाल्या असतील, चेहरा तेलकट चकचकीत दिसत असेल, तर चट्टा नसला तरी दाखवायचं. आपण आजार ठरवायचा नाही, ते डॉक्टरांचं काम.

काही सापडलं तर नाव गटाच्या रजिस्टरात लिहू नका. आशाताईंना एकांतात सांगा, आणि दवाखान्यात सोबत कोण जाणार, ते तिथेच ठरवून घ्या.